कुलूपकाका नातीची शाळा बघायला गेले

कुलूपकाकांच्या दुकानात सगळं मिळायचं, विश्वास तेवढा मिळायचा नाही. कुलपं, किल्ल्या, कड्या, बिजागऱ्या होत्या, आणि वर फुकटचा सल्ला: "दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघा." भाजी घेताना ते वाकून तराजूच्या खाली बघत. डॉक्टरनं गोळी दिली की आधी डॉक्टरकडे नीट बघून घेत. लग्नाच्या वेळी फादरनी नवरीला विचारलं, ती हो म्हणाली, तर ह्यांनी हळूच विचारलं, "नक्की ना?" त्यांची बायको मरेपर्यंत ही गोष्ट हसून सांगायची.

पण रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकली नाही, की रात्रीची रोजरीची जपमाळ. "माणसांवर भरवसा नाही, म्हणून तर देवाकडे जातो," म्हणायचे.

बायको गेल्यावर लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. लेक इस्पितळात नर्स, जावई लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर. त्यामुळे नात, घरातली चिमणी, आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढली. घरी ती पोपटासारखी बोलायची. चर्चच्या शाळेत घातली आणि तिचं तोंडच बंद झालं. वर्गात मुलं अशी कोंबलेली की बाकावर कोपर टेकायला जागा नाही. हजेरी घेताना ही नुसता हात वर करायची. बाई तिला वर्गासमोर 'मुकी' म्हणाल्या, तेव्हापासून तोही वर करीना.

अशात लेकीनं एक दिवस जेवताना विषय काढला. "बाबा, पलीकडच्या रस्त्याला नवी शाळा झालीय. वर्गात मोजकीच मुलं. कॅथलिक आहे."

"कुठल्या मठातल्या सिस्टरांची?"

"सिस्टर नाहीत तिथं. काही पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून काढलीय. स्वतंत्र आहे."

काकांचा घास हातातच राहिला. "स्वतंत्र म्हणजे कुणापासून?"

"म्हणजे चर्च चालवत नाही. ते स्वतःच चालवतात."

"चर्चची नाही आणि कॅथलिक आहे. म्हणजे सासू नाही, सासरा नाही, आणि सून म्हणते मी ह्याच घरची."

"तुमचं झालं सुरू," लेक म्हणाली. "तिला आणायचं-पोचवायचं तुम्हीच. तुमच्या मनाला पटलं तरच घालीन. पण बाबा, पोरगी मिटत चाललीय हो. लवकर सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर काकांनी फादरना दारातच गाठलं. फादर अंगरखा काढता काढता म्हणाले, "माणसं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण बिशपांनी अजून त्यांना 'कॅथलिक' म्हणवून घ्यायला परवानगी दिलेली नाही. त्यांनी विचारलंय, उत्तर यायचंय."

"आणि उत्तर यायच्या आधी पाटी लागली?"

"ते त्यांनाच विचारा. तुम्हाला कुणी भीड शिकवलीय?"

काका चिमणीला घेऊन गेले. शाळा म्हणजे पूर्वीचं लाकूडसामानाचं दुकान. भिंतींना नवा रंग होता, पण व्हार्निशचा वास आपली जागा सोडून गेला नव्हता. मुख्याध्यापिका बाई पन्नाशीच्या, साध्या, पायात कापडी बूट. चिमणीला एका वर्गात बसवलं आणि काकांना म्हणाल्या, "या काका, शाळा दाखवते."

शाळा राहिली बाजूला, काकांनी दारंच बघितली. मागचं दार आतून उघडतं का, आग लागली तर पोरं कुठून बाहेर पडणार, संडासाची कडी बाहेरून लागते का. बाई बरोबर चालत उत्तरं देत होत्या. एवढं नीटनेटकं बघून काकांचा संशय कमी व्हायचा तर वाढतच होता. जास्त गोड बोलणाऱ्या दुकानदाराकडे ते पाकीट आतल्या खिशात घालत, त्यातलाच हा प्रकार.

शेवटी प्रार्थनेची खोली आली. समोर छोटी वेदी, मागे भिंतीत बसवलेली पितळी पेटी, आणि बाजूला लाल काचेतला दिवा तेवत होता. मिस्सेतली पवित्र भाकर अशा पेटीत ठेवतात, आणि ती आत असते तोवर हा दिवा विझत नाही. दिवा दिसला की प्रभू आत आहे, एवढं कॅथलिक घरातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. काकांचा जीव एकदम भांड्यात पडला. गुडघा दुखत होता तरी त्यांनी तो जमिनीला टेकवला आणि डोळे मिटून चिमणीचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तिचा आवाज परत दे म्हणाले.

उठताना बाकाचा आधार घेतला आणि नजर पेटीच्या दारावर गेली. किल्ली कुलपातच होती. तिला हिरवी रिबीन बांधलेली, ती मजेत लोंबत होती.

"बाई, ही किल्ली अशी दारातच?"

"त्यात काही ठेवलेलं नाही अजून. परवानगी यायचीय."

"मग दिवा?"

"एका पालकानं पेटी आणि दिवा दान दिला. मुलांना गुडघे टेकायची सवय लागावी म्हणून लावला. मुलं इतकी शांत झाली की..."

"मी आत्ता काय केलं ते पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

"आणि बोलला नाहीत."

बाईंनी मान खाली घातली. काकांचे कान तापले होते. म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात कुणी खोटा पत्ता सांगावा तसं त्यांना झालं. पण ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते बाकावर बसले आणि एकेक विचारत गेले.

"तुम्हाला कामावर कुणी ठेवलं?"

"मंडळानं. पाच पालक आहेत."

"मला तुमची तक्रार करायची झाली तर?"

"मंडळाकडे."

"मंडळात तुमचं कुणी?"

"धाकटा भाऊ आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे उत्तर चांगलं नाही.

"म्हणजे तुमची तक्रार तुमच्याच घरी जेवायला येणार."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "बरोबर आहे. बदलायला हवं."

"उद्या बिशप नाही म्हणाले तर?"

"तर पाटीवरून कॅथलिक शब्द काढू. शाळा चालू ठेवू. पण तो शब्द आधीच लावला ही आमची घाई झाली."

काकांना खोटं बोलणारी माणसं चांगली परिचयाची होती. ही बाई बोलताना आडवळण घेत नव्हती, आणि ह्याचाच त्यांना जास्त संशय येत होता. ते उठणार तोच शेजारच्या वर्गातून आवाज आला. कुणीतरी धडा वाचत होतं, अडखळत, पण मोठ्यानं. काका भिंतीला कान लावून उभे राहिले. आवाज चिमणीचा होता.

आता खरा पेच पडला. पोरगी उघडली होती, आणि तीही ज्यांचं काही धड नाही अशांच्या घरात. चटकन हो म्हणून टाकावं असं मनात आलं. ह्याच मोहानं बाईंनी तो दिवा लावला असेल, हेही मनात आलं.

"बाई, हा दिवा कोण विझवणार?"

"मी आत्ताच विझवते."

"आत्ता नको. पोरांसमोर विझवा. त्यांनाही फसवलंय."

बाईंचा चेहरा उतरला. पण सुटीच्या आधी सगळी मुलं प्रार्थनेच्या खोलीत आली, तेव्हा त्या पुढे झाल्या. "मुलांनो, हा दिवा लावला ती माझी चूक होती. ही पेटी रिकामी आहे. तुम्ही गुडघे टेकत होता आणि मी सांगितलं नाही." त्यांनी दिवा विझवला, पेटीचं दार उघडून आतली रिकामी जागा दाखवली.

पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "मग देव इथं नाहीच?"

"देव सगळीकडे आहे. पण ह्या पेटीत जसा असायला हवा तसा नाही. तसं भेटायला रविवारी चर्चमध्ये जायचं."

मागे उभ्या दोन शिक्षिका एकमेकींकडे बघत होत्या. उद्या पालक काय म्हणतील, हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

संध्याकाळी लेक ड्यूटीवरून आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "बोला."

"घाल. पण एकच वर्ष. पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायची, कम्युनियनची तयारी चर्चमध्येच, फादरांच्या हाताखाली. त्या भावाला मंडळातून काढलं की नाही ते मी दर सभेला विचारणार."

"मग मंडळाचं काही खरं नाही," लेक म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

पहिल्या दिवशी शाळेच्या दारात काका चिमणीसमोर वाकले. "ऐक. कुणी काही वावगं बोललं, हात लावला, घाबरवलं, तर मला सांगायचं. बाई म्हणाल्या घरी सांगू नको, तर ते आधी सांगायचं."

चिमणीनं विचार केला. "आणि तुम्हीच म्हणालात सांगू नको, तर?"

असा प्रश्न आजवर दुसऱ्यांना विचारायची काकांना सवय होती.

"तर आईला सांगायचं," ते म्हणाले.

"बरं," म्हणून चिमणी आत पळाली.