पुसलेला प्रोब

चूक माझी होती. बोलणी सुनंदाताईंनी खाल्ली. मी शेजारी उभा होतो, गप्प.

वागळे इस्टेटमधली औषधं तपासायची लॅब. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन आहे. त्याचा प्रोब, म्हणजे नमुना आत फवारणारी वीतभर स्टीलची दांडी, दर शनिवारी उघडायचा, धुवायचा, परत जोडायचा. आत केसासारखी बारीक नळी असते. तिचं टोक तोंडाबाहेर जेमतेम मिलिमीटरभर दिसलं पाहिजे. सुटे भाग लॅबची साफसफाई करणाऱ्या सुनंदाताई धुवायच्या, जोडायचो मी. त्या शनिवारी चष्म्याशिवाय जोडला. जवळचं दिसत नाही हे साहेबांना कळू द्यायचं नव्हतं. नळी आतच राहिली. सोमवारी सिग्नल निम्म्यावर आला.

साहेब लॅबचे प्रमुख. घोडबंदरला बत्तिसाव्या मजल्यावर राहतात, आणि खाली उतरले तरी तिथूनच बघतात. प्रोबचा आटा कुठल्या बाजूला फिरतो हे त्यांना माहीत नाही. रजिस्टरवर सही मात्र त्यांची. मला काही न विचारता ते ताईंना म्हणाले, "झाडूच्या हातांना हे जमत नसतं, बाई. उद्यापासून फक्त फरशी."

ताईंच्या हातात प्रोब होता. तो घेण्याआधी साहेबांनी मला मिथेनॉलने पुसायला लावला. ताईंच्या हातात हातमोजे होते. नवे. तरीही.

मी पुसला.

चार वर्षं नुसतं बघून बघून ताईंनी हे काम उचललं होतं. पुढच्या महिन्यात त्यांची मशीनवर नेमणूक व्हायची होती. ती गेली.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, "त्या लोकांचं असंच असतं रे. तू त्यांच्यातला वाटतच नाहीस."

माझा बाप कळव्यात गटारात उतरायचा. साहेबांना ते ठाऊक होतं. हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, थँक्यू सर म्हणालो. कप रिकामा केला. त्यांची किळस येते, पण त्या थँक्यूची जास्त येते.

दुसऱ्या दिवशी ताई मशीनखालची फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, नळी आत राहिलेली. मी बघितलेलं."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. विचारायचीही लाज नव्हती मला.

"माझं कोण ऐकणार? तुमचं ऐकलं असतं."

एवढंच. फडकं पिळून त्या पलीकडे सरकल्या.

मी चष्मा लावला, प्रोब उघडला, टोक नीट बसवलं. सिग्नल पूर्ववत आला. रजिस्टरमध्ये लिहिलं: जोडणीतली चूक माझी. मग सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. साहेबही आले. म्हणाले, मिटलंय ते, उगाच उकरू नकोस, माझी माफी माग आणि कामाला लाग.

मी सांगितलं, तुमची माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. यापुढे प्रोब ताई जोडतील. त्या फरशीवर असतील तर मीही फरशीवर.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"ताई, चूक मी केली आणि तुमच्यावर पडू दिली. वर तुमच्या हातचा प्रोब पुसला. त्याची माफी मागतो. पुन्हा पुसणार नाही, कुणीही सांगो."