गाठ उजवीकडे

सुलाबाईच्या गोधडीला नावं ठेवणारा माणूस अख्ख्या जेल रोडला एकच होता, आणि तो तिचा नवरा होता. सहादू. बाकीच्या बायका गोधडी अंगावर घ्यायच्या, गालाला लावायच्या, "बाई, काय हात हाय तुझा!" म्हणायच्या. सहादू मात्र गोधडी हातात आली की पहिल्यांदा ती उलटी करायचा. पाठीवरनं बोट फिरवत म्हणायचा, "ही तिसरी ओळ बघ. इथं तुझं ध्यान चुलीवर होतं." सुलाबाईचा पारा चढायचा. भांडी आपटायची, त्या दिवशी कालवणात मीठ जरा जास्तच पडायचं. पण दुपारी घरात कुणी नसताना ती ओळ उसवून पुन्हा घालायची. कारण मेला खरं बोलायचा.

सहादू जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर चुका काढणारं कुणी उरलं नाही, तरी सुलाबाई स्वतःच गोधडी उलटी करून बघायची. तिचा एक नेम होता, एका गोधडीला एकच हात. अर्धी हिनं, अर्धी तिनं असलं काम तिला खपायचं नाही. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा सरकवायचा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. तिच्या सासूनं सांगितलेलं. तिला स्वतःला ते फारसं पटत नव्हतं, पण चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

दिवाळीनंतर सिन्नरकडची लंकाबाई एक गाठोडं घेऊन आली. गाठोड्यात सात साड्या होत्या, तिच्या लेकीच्या, स्नेहलच्या. लग्नाला दोन वर्षं झालेली पोर डेंग्यूनं गेली. लंकाबाईनं साड्या एकेक करून मांडल्या, प्रत्येक साडीचं सांगितलं, ही साखरपुड्याची, ही संक्रांतीची, आणि म्हणाली, "सुलाबाई, तूच शिव. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको." सुलाबाईनं मान हलवली. गाठोडं आपल्याकडे ओढलं.

कडा शिवून झाल्या, चार ओळी झाल्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पाचव्या ओळीवर सुई कापडात गेली आणि बाहेर आलीच नाही. सुलाबाईचा उजवा हात मांडीवर पडला, तोंड वाकडं झालं. सून संजना धावत आली म्हणून निभावलं. महिन्याभरात तोंड जागेवर आलं, बोलणं आलं, पाय ओढत का होईना ती चालायला लागली. हात मात्र आला नाही. तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मांडीवर पडून असायचा.

गोधडी ट्रंकेत गेली, सुईसकट. "ती सुई कुणी काढायची नाय," सुलाबाईनं घरात बजावलं. "जिथं हाय तिथंच राहू द्या. मी येते तिच्याकडं."

घरात तिघंच, ती, मुलगा संघर्ष आणि संजना. संघर्ष सातपूरच्या कंपनीत, सकाळी सातला जायचा. दिवसभर सासू आणि सून. संजना गुणाची पोर, यात काही वादच नाही. फॉल-पिकोचं काम घरी घ्यायची, सासूला अंघोळ घालायची, वेणी घालायची. पण तिला एक खोड लागली होती. सुलाबाईनं डाव्या हातानं पेला उचलला की "छान, आई!" बटण लावलं की "छान, आई!" भाताचे चार घास अंगावर सांडून दोन तोंडात गेले तरी "छान!" सुलाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मी काय बालवाडीत हाय का गं?" संजना हसायची आणि म्हणायची, "बघा, आज बोलणं किती स्पष्ट आलं!" काय करावं या पोरीला!

जूनमध्ये संजनाच्या डोक्यात ऑनलाइन क्लासचं आलं. फोनवर जाहिराती यायच्या: आधी फुकट शिकून बघा, पटलं तर फी भरा. शिवणाचे, ब्लाउजचे, तुकडे जोडून गोधडी करायचे. संजना फी भरण्याआधी एकेक क्लास चाखून बघत होती, आणि खाटेवरून सुलाबाई ऐकत होती. पहिल्या क्लासातली बाई हातभर लांब दोरा घेऊन बसली. "मेली, एवढा दोरा! आता गुंता होणार," सुलाबाई म्हणाली, आणि तिसऱ्या टाक्याला गुंता झाला. संजना पोट धरून हसली. दुसऱ्या क्लासात शिकवणं कमी आणि कात्र्या विकणं जास्त. तिसरा नुसता आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला, प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कुणी नाही. तिन्हींवर काट मारली.

चौथा क्लास पुण्याच्या निकिता मॅडमचा. सात दिवस फुकट, रोज अकरा वाजता पडद्यावर समोरासमोर. सहाव्या दिवशी आपण शिवलेल्या वीतभर चौकोनाचा फोटो पाठवायचा, सातव्या दिवशी मॅडम सगळ्यांसमोर त्यावर बोलणार. फोनवर मॅडमच्या मागच्या तुकडीचा नमुना लागला होता. त्यात मॅडम एका बाईला सांगत होत्या, "तुमची ओळ वर चढली आहे, काकू. दिसायला बरी आहे, पण चूक ती चूक. उसवा." त्या काकूचं तोंड एवढंसं झालं.

सुलाबाई उठून बसली. "हिच्याकडं माझं नाव घाल."

"तुमचं? आई, हा नवशिक्यांचा आहे. तुम्ही चारशे गोधड्या..."

"उजव्या हातानं शिवल्या. डावा नवशिकाच हाय."

खरी गोष्ट तिनं संजनाला सांगितली नाही. आदल्या दिवशी लंकाबाईचा फोन आला होता. तिला साड्या परत हव्या होत्या, किंवा गोधडी. आठ महिने झाले, घरात लेकीचं काहीच उरलं नव्हतं. पुढच्या सोमवारी ती येणार होती. सुलाबाईनं तिला सांगितलं, "मला रविवारपर्यंत सवड दे. हात चालेल का नाय ते रविवारी सांगते." आता हे ठरवायचं कुणी? तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू, टाका नीट दिसत नाही. घरच्यांना विचारलं तर "छान." तिला परकं माणूस पाहिजे होतं, ज्याला तिची कीव येणार नाही. मॅडम हो म्हणाल्या तर ट्रंक उघडायची. नाही म्हणाल्या तर गाठोडं परत. एवढा सरळ हिशोब.

आणि मग सुलाबाई शिवायला बसली. पाटावर कापड पसरायचं, ते हलू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवायचा. सुईत दोरा संजना ओवून द्यायची. गाठ मात्र सुलाबाई स्वतः मारायची, दात आणि डाव्या हाताची दोन बोटं लावून, ज्वारीच्या दाण्याएवढी जाडजूड गाठ. एका गाठीला दहा मिनिटं. सुई बोटात घुसायची, ती शिव्या घालायची, रक्त तोंडात चोखून पुन्हा पहिल्यापासून. उजव्या हाताच्या बाया उजव्या कडेपासून डावीकडे शिवत जातात. डाव्या हाताचं उलटं, गाठ डाव्या कडेला आणि ओळ उजवीकडे. एवढं साधं, पण आयुष्यभराची सवय उलटी करायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पाच दिवसांत नऊ ओळी झाल्या. शुक्रवारी रात्री तिला झोप लागली नाही, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी.

शनिवारी सकाळी संघर्षची सुट्टी होती. तो आईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला. फोटो काढून पाठवायचं काम संजनाकडे.

रविवारी अकरा वाजता तिघंही फोनसमोर. मॅडमनी एकेकीचा चौकोन पडद्यावर मोठा करून दाखवला. एकीला म्हणाल्या, टाके लहानमोठे. दुसरीला, कापड ओढलं गेलंय. कुणाचीही गय केली नाही.  मग सुलाबाईचं नाव आलं. "सुलाताई, एका हातानं? मला खरंच विश्वास बसत नाही. इतके एकसारखे टाके या तुकडीत कुणाचेच नाहीत. तुम्ही थांबू नका."

संघर्षनं टाळ्या वाजवल्या. संजनाच्या डोळ्यांत पाणी. सुलाबाई ताठ बसली.  सहादू असता तर! बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो होता, त्याच्याकडे तिनं बघितलं आणि मनात म्हणाली, बघितलंस का रे?

"आई, फी भरून टाकतो," संघर्ष म्हणाला आणि आपला फोन घेऊन बाहेर गेला.

"संजना, ट्रंक उघड," सुलाबाई म्हणाली. "आणि माझा चौकोन दे इकडं."

संजना जरा घुटमळली. मग शिलाई मशीनच्या खणातून चौकोन काढून दिला आणि ट्रंकेकडे वळली.

सुलाबाईनं चौकोन मांडीवर घेतला आणि सवयीनं खालची कड वर घेत उलटा केला, म्हणजे डावी बाजू डावीकडेच राहते. डोळ्यांना टाके दिसत नव्हते, पण गाठी अंगठ्याला कळत होत्या. अंगठा डाव्या कडेवरून फिरला. गाठ नव्हती. खाली नव्हती, वरही नव्हती. अंगठा उजव्या कडेला गेला. तिथं नऊ गाठी होत्या, बारीक, मोहरीसारख्या, एकाखाली एक.

 तिनं पुन्हा एकदा सगळ्या मोजल्या. नऊच्या नऊ.

"संजना."

संजना ट्रंकेपाशी गुडघ्यांवर बसली होती. वळली आणि सासूचा अंगठा कुठं आहे ते तिनं बघितलं. 

"आई, मी... चाळीस बायका होत्या हो तिथं. ती बाई सगळ्यांसमोर बोलते. तुम्हाला काहीबाही म्हणाली असती, तुमचं बीपी... मला बघवलं नसतं. मी नुसत्या त्या ओळी पुन्हा..."

"उसवलंस?"

"हो."

"समदं?"

संजना रडायला लागली. सुलाबाईला तिच्यावर ओरडायचं होतं. या पोरीला धरून गदागदा हलवावं असं वाटलं, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, कारण तिनं हे मायेनंच केलं होतं. मायेनंच गळा कापला होता.

"ते दोरे कुठं हायेत?"

"केरात टाकले. काल घंटागाडी येऊन गेली."

सुलाबाईनं चौकोन खाटेवर ठेवला. मग तिनं विचारलं, अगदी हळू, पहिल्यांदाच कुणाला तरी विनवणी केल्यासारखं, "संजना, खरं सांग. किती वाकडे होते? लय वाईट होते?"

संजनानं तोंड उघडलं. "नाही, आई. छान..." आणि तिथंच थांबली.

तो शब्द ऐकून सुलाबाईनं डोळे मिटले. आता कुणीही काही सांगितलं तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. तिचा डावा हात शिवू शकत होता की नाही, हे या जगात कुणाला ठाऊक नव्हतं. पाच दिवसांच्या नऊ ओळी, आणि त्या बघितलेलं माणूस एकच, तेही खोटं बोलणारं.

बाहेरून संघर्षचा आवाज आला, "आई, भरली गं फी!"

खाटेवर पडलेला फोन वाजला. लंकाबाई. संजनानं डोळे पुसत तो उचलला आणि सासूच्या कानाला लावला.

"सुलाबाई, आज रविवार," लंकाबाई म्हणाली. "काय म्हणतो हात?"

सुलाबाईनं मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्याकडे. दुसऱ्यांदा परीक्षा देण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि स्नेहलच्या साड्यांवर अंदाजानं सुई चालवायची तिची छाती नव्हती.

"नाय चालत, लंकाबाई," ती म्हणाली. "उद्या ये. घेऊन जा."

 लंकाबाई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

संजनानं ट्रंकेतून गोधडी काढून खाटेवर ठेवली. गुलाबी काठ, चार ओळी, पाचवी अर्धी, आणि तिच्यात अडकलेली सुई. एक कोपरा अजून उघडाच होता. सुलाबाईनं त्या कोपऱ्यावर हात ठेवला, बाकी कुठंही नाही.

"आई, मी शिकते. मी पुरी करते ना," संजना हुंदके देत म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा, मी..."

"एका गोधडीला एकच हात," सुलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि संजनाला रागापेक्षा तेच जास्त लागलं.

मग सुलाबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"ती सुई तेवढी काढ," ती म्हणाली. "लंकाबाईच्या हाताला लागंल."

सुईला गंज चढला होता. संजनाला ती दोनदा ओढावी लागली.