बारा फिके कोट

रंगाऱ्याच्या पुतणीला गल्लीत सगळे निळीबाई म्हणत, कारण बाईचे हात कोपरापर्यंत कायम निळे. जुने कपडे नव्याने रंगवून द्यायचं त्यांचं दुकान. पुढे एक टेबल, मागे चार हंडे आणि नुसती वाफ. वडील गेल्यावर काकांनीच तिला वाढवलं, हंड्यापाशी स्टुलावर उभं करून धंदा शिकवला. दुकानाचा नियम एकच. कापड हंड्यातून कधी काढायचं ते थोरल्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मुकाट्यानं ढवळायचं.

आता काकांचे डोळे अधू झाले होते. त्यांना सगळंच फिकं दिसे, म्हणून ते कापड जास्त वेळ ठेवत आणि रंग भलताच गडद होई. सांगून टाकायचं ना एकदाचं! पण काकांना चूक सांगायची म्हणजे काय, तिची बिशाद होती का? तिनं आपली गुपचूप रंगाची पूडच कमी टाकायला सुरुवात केली. असं वर्ष निघालं. मग एका मोठ्या गिरणीतून रंग तपासायची नोकरी चालून आली. महिनाअखेर कळवायचं होतं, आणि बाई कात्रीत सापडली. ती गेली तर पूड कमी कोण करणार? चार लोकांत काकांचं हसं झालेलं तिला सोसलं नसतं.

त्याच आठवड्यात बँडवाल्यांचे बारा कोट आले. गडद निळे हवे होते. तिनं नेहमीसारखी पूड कमी टाकली. काका म्हणाले, "काढ." कोट वाळले आणि बघते तर काय, बाराच्या बारा फिक्कट!

"काका, इतक्या लवकर का काढायला लावलंत?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

काका खाली बघत म्हणाले, "डोळ्यांचा भरवसा राहिला नाही गं. म्हणून या वेळी मला फिकं दिसतंय तोवरच काढायचं ठरवलं. तुला बोललो नाही. म्हटलं, पोरीला वाटेल, म्हातारा संपला." मग ते थबकले. "पण एवढं फिकं कसं?"

निळीबाई रडकुंडीला आली. "पूड मी कमी टाकली. वर्षभर टाकतेय."

"वर्षभर मला वेड्यात काढलंस?" काका असे भडकले की ती दोन पावलं मागे सरली. मग त्यांची नजर दोरीवरच्या कोटांवर गेली आणि त्यांना हसू आवरेना. "दोघंही शहाणे, आणि कोटांचं वाटोळं!"

नशीब, फिक्यावर पुन्हा रंग चढवता येतो. दुसऱ्या दिवशी बँडवाला तणतणत आला, "काका, आता तरी गडद होतील ना?"

"हिला विचारा," काका म्हणाले. "हंड्यापुरती आता ही थोरली."

निळीबाईनं आनंदानं मान डोलावली आणि लगेच रंगाची पूड मोजायला घेतली. संध्याकाळी तिनं गिरणीला नकार कळवला. काकांच्या धाकानं नाही हं, मनापासून. आणि लगेच फर्मान सोडलं, "काका, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

 सकाळी काका कुरकुरत का होईना, तिच्या आधी चपला घालून दारात उभे होते.