साखर वाढली की उतरली?

वैजयंता बनसोडे मूळची लातूरची. लग्नानंतर पेणकरपाड्यात आली आणि नवघरच्या एका शाळेत तिसरीला शिकवू लागली. यंदा तिच्या वर्गात इशिता होती, टाइप वन डायबेटिसची, रोज इन्सुलिन घेणारी. इशिताच्या आईनं, सुरुचीनं, जूनमध्येच सगळं समजावलं होतं: साखर वाढली तर काय करायचं, उतरली तर काय. पण वैजयंताच्या घरी सासऱ्यांना डायबेटिस, त्यांचा चहासुद्धा बिनसाखरेचा. मग इन्सुलिननं साखर फार उतरली की या पोरीला मुद्दाम ग्लुकोज पाजायचं, हे तिच्या डोक्यात काही केल्या बसेना.

एका शुक्रवारी पीटीचा तास झाला, मधली सुट्टीही संपली. इशिता बाकावर डोकं टेकून होती. कपाळावर घाम, हात थरथरत होते.

"काय होतंय गं बाळा?"

"माहीत नाही!" ती चिडली.

वैजयंतानं तिच्या दप्तरातलं साखर मोजायचं मशीन काढून बोट टोचलं. आकडा आला तीनशे दहा. म्हणजे वाढलीय! पण घाम तर उतरल्यावर येतो ना? की उलट? शेजारच्या वर्गातल्या मानसी मॅडम धावत आल्या. "एवढा आकडा? साखर अजिबात देऊ नका." वैजयंताला ते पटलं आणि पटलंही नाही. तिनं सुरुचीला फोन लावला.

"टीचर, तिनं हात धुतलेत का?"

"हात?"

वैजयंतानं इशिताची बोटं हातात घेतली. चिकट होती, संत्र्याचा वास येत होता.

"बाकावरच्या रसिकाला संत्रं सोलून दिलं," इशिता पुटपुटली. "मी डबा नाही खाल्ला."

हात धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. बावन्न! आधीचा आकडा बोटाला लागलेल्या रसाचा होता. वैजयंतानं ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं आणि इशिताला जवळ धरून बसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर आला होता. मग इशितानं पोळीभाजी खाल्ली.

संध्याकाळी गेटवर सुरुची भेटली.

"मला अजून नीट कळलेलं नाही हो," वैजयंता म्हणाली. "उद्या खरंच वाढलेली असली तर?"

"मलाही कुठे सगळं कळतंय? आम्ही घरीसुद्धा गोंधळतो. तुम्ही फोन करत जा, बस."

आता वैजयंता मधल्या सुट्टीत इशिताच्या शेजारीच डबा खाते. मशीनवर आकडा आला की आधी पोरीच्या तोंडाकडे बघते. तरीही शंका उरली, तर सुरुचीला फोन लावते.