पुराणांच्या कपाटात

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमना हळू बोलणं ठाऊकच नाही. "शांतता राखा" हेही त्या ओरडूनच सांगतात. मी पेन्शनीतला माणूस, रोज पेपर वाचायला जातो, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा दरारा आवडतो.

स्पर्धा परीक्षेची पोरं हवं ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून भलत्याच कपाटात दडवतात. मॅडम सकाळी फडकं घेऊन कपाटं धुंडाळतात. सापडलं की हॉलभर गरजतात, "ही करामत कुणाची?"

परवा मी पुराणांच्या कपाटातला एक जाडजूड ग्रंथ ओढला, तशा त्या लगबगीनं आल्या.

"काका, तो राहू द्या. दुपारी न्या."

तोवर मला मागचं इतिहासाचं नवंकोरं पुस्तक दिसलं होतं.

"मॅडम, कुणीतरी दडवलंय."

"ठाऊक हाय." त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "फुलंब्रीची पोरगी ठेवती. तिची बस येईस्तोवर इथं काय उरतं का?"

त्यांनी ग्रंथ जागेवर सरकवला, वरून फडकं फिरवलं आणि हॉलकडं वळून ओरडल्या, "पुस्तकं दडवायची नाय, सांगून ठेवते!"