अण्णांच्या वहीतील एक सही

तुकारामअण्णा गेल्याचे वर्तमान मला कचेरीच्या आवारात, एका पक्षकाराचा अर्ज लिहीत असताना मिळाले. सत्य सांगावयाचे तर प्रथम दुःख झाले नाही, भय वाटले. आता ती वही कोणाच्या हाती जाणार?...

अण्णा चिकपेटेच्या बाजारात शिंपीकाम करीत. सिगारेटच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे ते एका वहीत जमवीत आणि संघ गावात आला की त्यांवर खेळाडूंच्या सह्या घेत. सही कोणाची व कोणासमक्ष झाली, हे प्रत्येक चित्राखाली स्वहस्ते लिहीत. "नकली सही म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट," असे त्यांचे म्हणणे.

एका वर्षी अण्णांच्या आवडत्या खेळाडूचा परदेशी संघ आला तेव्हा ते तापाने पडले होते. मीच म्हणालो, "माझी अधिकारीवर्गात ऊठबस आहे. आणा त्याचे चित्र." परंतु मैदानाच्या फाटकावरील शिपायाने मज ओळखले नाही. दिवसभर तिष्ठून रिक्तहस्ते परतणे माझ्या प्रतिष्ठेस मानवेना. वर्तमानपत्रात त्या खेळाडूची सही छापली होती. झाडाखाली बसून ती मी चित्रावर हुबेहूब उतरविली. मात्र सहीपुढे कोणी अक्षर वाढवू नये म्हणून आम्ही अर्जनवीस दोन तिरप्या रेघा ओढतो. वीस वर्षांच्या सवयीने त्याही ओढल्या गेल्या. अण्णांनी अंथरुणावरच ते चित्र कपाळाला लावले, तेव्हा त्या रेघा माझ्या ध्यानी आल्या.

पुढे बँकेतील एक बडे अधिकारी, तेही असेच संग्राहक, भिंग घेऊन दुकानात आले. त्या चित्राखाली अण्णांनी अजून काही लिहिले नव्हते, म्हणून सही आणणारा साक्षीदार या नात्याने मला, गोविंदराव अर्जनवीसाला, बोलावणे आले. माझी सनद, माझा लौकिक, अण्णांचा स्नेह, सारे त्या भिंगाखाली होते. साहेबांनी विचारले, "ह्या दोन रेघा कसल्या हो?" अण्णा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "क्रिकेटवाला तो! काढल्या असतील दोन धावा."

साहेब हसत गेले. मग अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "अर्जीसाहेब, घाम पुसा. स्वल्प कॉफी घेऊ."

त्यांना खरे कळले होते, का तो केवळ विनोद होता?... विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे मी रोज संध्याकाळी दुकानात बसलो, आणि अण्णांचा हात वहीकडे गेला की दर वेळी मी दुसराच विषय काढी.

तेरावा आटोपल्यावर अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, वही माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, आपल्या मंडळाच्या वाचनालयात ही ठेवणार म्हणतात. खाली काय काय लिवलंय, वाचून दाखवा की. मला कुठं अक्षर येतंय?"

मी एकेक पान वाचू लागलो. ते चित्र आले. खाली अण्णांच्या हातचे होते: 'सही: आमचे गोविंदराव. समक्ष: कोणी नाही.'

खेळाडूचे नाव मला मुखोद्गत होते. उच्चारले असते तर अक्कांना काय कळणार होते? वही बगलेत मारून घरीही नेता आली असती...

"थांबला का, भाऊ? पुसलंय काय?"

"नाही, अक्का. स्पष्ट आहे."

अण्णांनी लिहिले होते तसेच मी वाचले. अक्का क्षणभर चित्राकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पुढचं वाचा."