होडीचं गाऱ्हाणं

आमच्या हिचे मामा देवाशी जितकं बोलले असतील, तितकं अख्ख्या मालवण तालुक्यात कुणी बायकोशीही बोललं नसेल. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी देवाला सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. पण मामांना देऊळ पुरत नसे. आमच्या नव्या फ्रिजपुढे नारळ ठेवून त्यांनी इतकं लांबलचक गाऱ्हाणं घातलं, की आत ठेवायला आणलेल्या आइस्क्रीमचं पार पाणी झालं. एसटीत चढण्याआधी टायरांना गाऱ्हाणं! शेवटी कंडक्टरच कळवळून म्हणाला, "व्हय म्हाराजा, आता चढा!"

अशा माणसाला साक्षीला कोण उभं करतं? पण वेळच तशी आली. त्यांच्या धाकट्या भावाने होडीतून गोव्याची दारू आणली, होडी जप्त झाली आणि खटला चालू असतानाच भाऊ वारला. त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबर संपला. होडी सरकारजमा करायचं प्रकरण मात्र चालूच राहिलं. होडी भावजयीच्या नावावर, तिच्या पाटल्या मोडून घेतलेली, आणि तिचं पोट त्या होडीवरच. दारूचं तिला ठाऊक नव्हतं, एवढं कोर्टाला पटलं तर होडी सुटणार होती.

वकिलाने बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोला." मामा पिंजऱ्यात उभे राहिले, हात जोडले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा..." मागच्या बाकांवरचे गाववाले सवयीने गरजले, "व्हय म्हाराजा!" न्यायाधीशसाहेबांनी दटावलं. मी तर लाजेने अर्धा झालो. पण एकदा गाऱ्हाण्याला उभं राहिल्यावर मामांना खोटं बोलणं जमतच नाही. "माझ्या भावान दारू व्हावली, ह्या खरा. हिका ठावक नव्हता. माका ठावक होता, म्हाराजा. मी गप ऱ्हवलंय."

या वेळी कुणी ‘व्हय’ म्हटलं नाही.

होडी सुटली. भावजय मात्र त्या दिवसापासून मामांशी बोललेली नाही. एवढा बोलघेवडा माणूस, आणि तिच्या नवऱ्याला अडवायचे दोन शब्द तेवढे बोलला नाही, हे तिने कसं गिळावं? मी परवा म्हटलं, "मामा, जाऊन तिची माफी मागा की. देवाशी तासभर बोलता!"

"जावयानू, देव उलट विचारणा नाय. तिच्या दारात गेलंय की तोंडातना शब्दच फुटणा नाय."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, चला, मी येतो बरोबर. मामा उठले, पायात चपला असताना अर्धा तास चपला शोधत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आज नको. उद्या जाव्या."